शून्य पॉइंट शून्य चार

बत्तीस वर्षं शिरोलीच्या भट्टीवर
मी लोखंडाचं रक्त तपासलं.
बिल्ल्याएवढा नमुना, एक ठिणगी,
आणि कागदावर उमटायचं:
कार्बन तीन पॉइंट चार, सिलिकॉन दोन पॉइंट एक,
मँगनीज, गंधक, फॉस्फरस.
काही जादा निघालं की काचेवर टकटक करून ओरडायचं,
"थांबवा! ओतू नका!"

आता माझा कागद डॉक्टर चौगुलेबाई वाचतात.
राजारामपुरीतला जिन्यावरचा दवाखाना,
दंडाला पट्टा, पट्ट्यात हवा,
वरचा एकशे बहात्तर,
खालचा एकशे चार.
"सोडियम जास्त जातंय पोटात, पाटोळे."
मला हसू आलं.
आमच्या कागदावर सोडियमला रकानाच नव्हता.

मीठ मात्र होतं.
एप्रिलात सदरा अंगावरच वाळायचा
आणि पाठीवर पांढरे नकाशे उठायचे.
गेटजवळ ताकाचा हंडा,
बाबालाल मुल्लाणी त्यात मीठ टाकायचा
फावड्यानं वाळू टाकावी तसं.
"गेलं तेवढं परत घालायचं, हिशेब सरळ."
सरळच होता.
पुढं निरोपाचा नारळ घेऊन मी घरी आलो,
घाम थांबला.
मीठ कुठं थांबलं?
खर्ड्यात होतं, पापडात, सुकटीत,
रविवारच्या तांबड्यात.
"दिवसाला किती?" बाई विचारतात.
काय सांगू?
आमच्याकडं रस्सा वाटीनं मोजत नाहीत.

दिवाळीच्या तोंडावर बाबालालचा उजवा हात उठेना.
सदर बाजारात बघायला गेलो,
सुनेनं पेज भरवायला घेतली,
त्यानं मान फिरवली.
मीठ म्हणायचं होतं त्याला.
ठ टाळूपाशी अडकला.
नुसतं "मी… मी…" निघत राहिलं.
खाल्ल्या मिठाला जागलेला माणूस,
एका अक्षरासाठी घामाघूम.

बाईंनी चिठ्ठीवर लिहिलं: गोळी सकाळी, रोज.
पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, ताटातून.
मॅग्नेशियम!
याला मी ओळखतो.
लाडलमध्ये टाकलं की पांढरा लख्ख भडका,
बघायचं नाही, डोळे जातात.
उरतं किती? शून्य पॉइंट शून्य चार टक्का.
पण तेवढ्यानं बिडाच्या पोटातली
पात्यासारखी धारदार काजळी गोळा होऊन बसते,
आणि हातोड्याखाली तडकणारं बीड
वाकायला शिकतं.
"म्हणजे बाई, माझ्या नळ्याही बिडाच्याच…"
"तसं काही नसतं, पाटोळे. शेपू खा."

पोरानं पुण्याहून पाकीट पाठवलं,
कमी सोडियमचं, पोटॅशियमवालं मीठ.
बाईंनी ते टेबलाच्या पलीकडं सरकवलं.
"आधी किडनीची तपासणी. या गोळीबरोबर ते जादा झालं
तर काळीज अडखळतं."
म्हणजे थांबवा, ओतू नका.
ही भाषा मला कळते.

हौसानं माझा लॅबचा जुना तराजू माळ्यावरून काढला.
सकाळी कागदाच्या पुडीत दहा ग्रॅम,
दोघांचं मिळून, दिवसभराचं.
"तुला कशाला गं? तुझं बीपी बरं आहे."
"मग काय दोन चुली मांडू?"
संध्याकाळी पुडी झटकते, लिंबू पिळते,
कधी रागानं भांडी जोरात ठेवते.
अळणी खाणं हे दोघांचं पहिलंच भांडण
ज्यात दोघंही एका बाजूला.
काल वरचा एकशे अठ्ठेचाळीस.
बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "अजून."

आज हुलग्याचं माडगं घेऊन गेलो बाबालालकडं,
लसूण, जिरं, पुडीतली जेमतेम चिमूट.
डाव्या हातानं त्यानं चमचा तोंडाला लावला.
चेहरा वाकडा झाला,
आधीच वाकडा होता, त्याहून वाकडा.
माझ्याकडं असा बघितला
जणू मी ताकाच्या हंड्यात पाणी घातलंय.
ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले.
"मीठ," म्हणाला.
अख्खं.
"कुठाय?"