सत्तेचाळीस नंबरचा कोट

पाहुण्याचा कोट सगळ्यांत ओला होता.
कौनसहून आलेला, दोनदा बस बदलून,
खिशातून डोकावणारा कागदात गुंडाळलेला राईचा पाव
आणि मधलं बटण एका दोऱ्यावर लोंबकळतं.
तो म्हणाला, विगांतास.
मी म्हणाले, सत्तेचाळीस,
आणि बिल्ला त्याच्या हातावर ठेवला.

मार्च संपत आला तरी पर्नू नदीवर बर्फ आहे अजून,
कडेनं काळा, मधे तडकलेला.
गिरणीच्या जुन्या क्लबात आज पाचजण वाजवणार.
एरवी चारच असतात: लैदा, आर्ने, हिल्या, कालेव.
पाचवी खुर्ची मीच नेऊन ठेवली, माझी,
कारण बाकीच्या सगळ्या करकरतात.
म्हणून मी आज उभी.

कोटांच्या खोलीत लोकर, डांबरगोळ्या,
कुणाच्या तरी कुत्र्याचा वास,
आणि दाराच्या फटीतून येईल तेवढं संगीत.

तेवढं म्हणजे किती, ते सांगायला हवं.
बावीस वर्षं मी पलीकडच्या इमारतीत माग चालवले.
एका शेडमध्ये तीनशे धोटे.
आम्ही ओठ वाचून बोलायचो, ओठांवरूनच भांडायचो,
मैमूनं तर लग्नाचा होकारसुद्धा तसाच दिला, फोरमनला.
गिरणी बंद पडली तेव्हा कळलं
की जाताना ती वरचे स्वर घेऊन गेलीय.
चिमण्या गेल्या. किटलीची शिट्टी गेली.
नातीचं बोलणं निम्मं गेलं.
आणि व्हायोलिनं.
फटीतून मी लैदाचा हात बघते, वर, आणखी वर,
कपाळावर आठी, हॉलनं श्वास धरलेला,
आणि माझ्याकडे पोचते ती बोटांची लाकडावरची टकटक,
कधी कधी तीही नाही.

उरते हिल्या.
हिल्या मधे बसते, तिच्याकडे कुणी बघत नाही.
एकोणीस वर्षं ती व्हियोलावर असं काहीतरी वाजवत आलीय
जे लोकांना ऐकू येत नाही म्हणे,
नसलं तर मात्र कळतं.
मला तेच ऐकू येतं. तेवढंच.
एकोणीस वर्षं मला वाटत आलंय की संगीत म्हणजे
शेजारच्या खोलीत कुणीतरी हिशेब करत बसलंय,
पुटपुटत, हातचा एक धरत,
आणि तो काही केल्या जुळत नाहीये.

आज व्हियोला दोन.
आधी वाटलं, नळाच्या पाइपात पाणी शिरलं.
मग ते एकमेकांना अडवू लागले, वाट देऊ लागले,
हा म्हणतोय हातचे दोन, ती म्हणते एकच,
संथ भागात तर इतके जवळ आले
की कोण कुठला ते कळेना,
उभा धागा तिचा, आडवा त्याचा,
आणि बटण शिवायला घेतलेली मी
सुई तशीच बोटात रुतवून उभी.
काळा दोरा नव्हता. निळा वापरला.

टाळ्या मला पायांतून कळतात.
मग रांग, बिल्ले, तो नव्हे, करडा, फरवाला,
आणि शेवटी सत्तेचाळीस,
केस कपाळाला चिकटलेले.
मागे बाकावर हिल्या, बूट बदलत.
कसं वाटलं, त्यानं विचारलं, रशियनमध्ये, चाचरत,
दोघांच्याही घरात न बोलल्या जाणाऱ्या भाषेत.
मी म्हणाले: तुम्ही दोघंच वाजवत होतात.
तो मोठ्यानं हसला, लैदाला सांगायला वळलाही.
हिल्या हसली नाही.
एक बूट पायात, दुसरा हातात,
तिनं माझ्याकडे बघितलं, मग माझ्या कानाकडे,
आणि नुसते ओठ हलवून काहीतरी विचारलं,
आवाज न करता, शेडमध्ये विचारायचो तसं.
कुणी शिकवलं हिला? आई होती की काय आमच्यात?
मी मान हलवली. हो.

तो बिल्ला खिशात घालून तसाच निघून गेला.
त्या खुंटीला आता नंबर नाही.