शिल्लक

सूरच्या पोलीस ठाण्यात मराठी वाचणारं कुणी नाही,
म्हणून समोरच्या टायपिंग सेंटरातून मला बोलावतात.
बावीस वर्षांत दोनदा.
एकदा एका नर्सच्या लग्नपत्रिकेसाठी,
आणि आज, या वहीसाठी.

वही भिजून वाळलेली, पापडासारखी.
बनियनच्या आत, प्लॅस्टिकच्या पिशवीत, वर सुतळीचे सात वेढे.
खाऱ्या पाण्यात चार दिवस राहिलेला माणूस
एवढी एक वस्तू कोरडी ठेवायला बघत होता.
रघुवीर खोबरेकर, बर्फाच्या कारखान्यातला, गाव आचरे.
खाडी वळते तिथे, दीपस्तंभाखाली,
मोडीत काढलेल्या गलबताच्या सुकाणूला अडकलेला.

नकीब हमूद सावकाश बोलतो,
सावकाश कॉफी ओततो, वाटाण्याएवढ्या पेल्यात.
पेला हलवून पुरे म्हणेपर्यंत ओतत राहायचं,
ही इथली रीत. मी हलवायला विसरतो.
"वाच, कुबल."

मी अरबीत वाचत जातो.
कांदे. मीठ. आईच्या मोतीबिंदूचे पैसे.
पासपोर्ट मालकाकडे, आज दोन वर्षं.
बर्फाच्या खोलीमागे अजून एक खोली आहे.
तिथल्या पेट्यांना मासळीचा वास येत नाही.
काल एकाला विचारलं. त्यानं माझं नाव विचारलं.

हमूद लिहून घेतो. पान उलटतो.
शेवटच्या ओळीवर त्याचं स्वच्छ कापलेल्या नखाचं बोट:
शिल्लक ००.
"पंचावन्न," तो म्हणतो.
"हे मलाही वाचता येतं. पंचावन्न रियाल होते त्याच्यापाशी.
पिशवीत एक बैसा नाही.
खोलीतला बंगाली आणलाय, मोतालेब. उशीच्या अभ्र्यात साठ निघाले."

भिंतीपलीकडे सपाता फरफटतात.
कुणीतरी एकच वाक्य पुन्हापुन्हा म्हणतंय,
त्याचं भाषांतर कुणी मागितलेलं नाही.

आमचं शून्य, ते यांचं पाच.
यांचं शून्य म्हणजे नुसता ठिपका,
माशी बसून उडाल्यासारखा.
दिवसातून शंभरदा मी हे आकडे इकडचे तिकडे करतो,
चहा पिता पिता.

सांगायला अर्धं वाक्य पुरे:
साहेब, हे पंचावन्न नव्हेत, हे काहीच नाही.
मोतालेब संध्याकाळी डाळ शिजवायला खोलीवर.
पण मग हमूद विचारणार, सगळे गेले कुठे?
आणि उत्तर वरच्याच ओळीत आहे,
जी मी मघाशी घसा खाकरून ओलांडली:

टायपिंगवाल्या भाऊंना २७. अर्ज उद्या लेबर ऑफिसात. देवमाणूस.

अर्ज मी सुबक केला होता. दोन्ही बाजूंना समास.
त्याच्या तोंडचे शब्द कायद्याच्या अरबीत बसवले,
मागची खोलीसुद्धा.
तो पाठमोरा होऊन कोपऱ्यापर्यंत गेला,
हात वर केला, फेरीवरून करतात तसा.
मग शटर अर्धं ओढून मी फोन लावला.
माझ्या दुकानाचा परवानाही त्याच मालकाच्या नावावर.
"बरं केलंस," एवढंच म्हणाला, आणि मुलांची चौकशी केली.
मला वाटलं, दमदाटी करतील. विमानात बसवतील.
मला वाटलं, हे मी पाच दिवस रोज वेगळ्या शब्दांत टाइप करतोय.

हमूद पुन्हा ओततो.
वेलदोड्याचा वास. बाहेर कोळ्यांची पोरं
बांधावर टायर ढकलत ओरडताहेत.
माझ्या शर्टाच्या खिशात तीन नोटा, वीस, पाच, दोन.
मोडल्या नाहीत. का, ते माहीत नाही.

मी पेला हलवतो. डावीकडे, उजवीकडे.
"नकीब, एक ओळ वाचायची राहिली."

पेनाचं टोपण काढायला तो थांबत नाही.
टोपण मघापासून टेबलावरच आहे.