पाणी कुठं मुरतं

काउंटीत माणसं दोन हजार नऊशे चार,
गायी त्यांच्या वीसपट,
सायरन तीन. त्यातला एक
बुधवारच्या चाचणीला नुसता खोकतो.

मी लिंकनहून आले तक्ता भरायला.
टॉर्नेडो, गारपीट, पूर, वणवा, हिमवादळ.
प्रत्येकाला दोन आकडे द्यायचे:
येईल का, आणि आलं तर किती नेईल.
गुणाकार करायचा. लाल, पिवळं, हिरवं.
तक्ता मंजूर झाला की वॉशिंग्टनहून पैसे येतात,
एरवी येते ती सहानुभूती.

डेल्मर हृश्का, रस्ते खात्याचा फोरमन,
पिकअपच्या सीटवरून कुत्र्याला मागे ढकलतो.
मांडीवर नकाशा पसरून मी बसते.
नकाशावर इथे पूल आहे.
"होता," तो म्हणतो.
नकाशावर इथे शेत.
"मार्चमध्ये तळं. बदकांना विचारा."

शंभर वर्षांतून एकदा, असं आम्ही ज्याला म्हणतो
तो पूर विलो क्रीकला तीनदा येऊन गेला.
पेट्रोल पंपावरच्या पोरीला त्यातले दोन आठवतात.
मी तिला समजवायला गेले,
दरसाल एक टक्का, नाण्याला मागचं आठवत नसतं वगैरे.
तिनं मुकाट्यानं भिंतीवरची रेघ दाखवली,
चिप्सच्या रॅकच्या वर.
माझं गणित बरोबर होतं.
तरी सुट्टे पैसे न मोजताच बाहेर पडले.

डेल्मर गाडी हाकतो, स्टिअरिंगवर बोट आपटत घरं मोजतो.
इथं आयरीन व्होबोरिल. कानातलं यंत्र काढून झोपते,
सायरन वाया, दार ठोकणं वाया,
खिडकीवर टॉर्च मारायचा.
इथं फ्लॉइड. आणि पलीकडे त्याचा भाऊ.
एकवीस वर्षं अबोला, तळघर मात्र एकच,
दोघांना वेगवेगळ्या जिन्यांनी उतरवायचं.
त्या वळणावरची मोरी बीव्हरनी तुंबवली
की आधी शाळेच्या बसचा रस्ता जातो,
मग दवाखान्याचा.

हे कुठं लिहून ठेवलंय?
तो विचारात पडतो. खरंच पडतो.
"कुणी विचारलंच नाही."

आमच्याकडे, कुठंतरी पाणी मुरतंय, म्हणतात
तेव्हा कुणीतरी काहीतरी दडवत असतं.
इथं एका माणसाला अक्षरशः ठाऊक आहे
पाणी कुठं मुरतं,
आणि त्यानं काही म्हणजे काही दडवलेलं नाही.

रात्री मोटेलात लॅपटॉप उघडला.
गारपीट: चार गुणिले दोन.
वणवा: तीन गुणिले चार, यंदा गवत फार वाळलंय.
पूर: पाच गुणिले चार.
मग तळाशी एक ओळ वाढवली.
डेल्मर हृश्का. वय एकाहत्तर.
दोन्ही गुडघे नवे, हृदयात एक स्टेंट,
निवृत्ती ऑक्टोबरात.
शक्यता: पाच.
तीव्रता: पाच.
'उपाय' या रकान्यात
कर्सर बराच वेळ लुकलुकत राहिला.

सकाळी साडेसहाला त्याच्या शेडवर गेले,
दोनशे पानी कोरी वही घेऊन.
त्यानं दोन कप कॉफी ओतली, कुत्र्याला बिस्किट दिलं,
आणि आडनावांच्या क्रमानं जावं
की ओढ्याच्या उगमापासून,
यावरच आमचं अर्धा तास अडलं.