जमेची बाजू

शाळेच्या फॉर्मवर दीड इंचाचा एक रकाना असतो:
विद्यार्थिनीशी नाते.
दर जूनमध्ये माझं पेन तिथं अडतं.
वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात बावीस वर्षं हिशेब लिहिते,
गोणीतली घटसुद्धा बरोबर खात्यात घालते.
हे खातं कुठल्या नावानं उघडू?

ईश्वरीची आई, निलम, आणि मी
एका गाळ्यावर होतो, एका डब्यात जेवायचो.
ठाण्याच्या कोर्टात एवढंच सांगितलं.
"म्हणजे रक्ताचं काही नाही?"
"नाही," म्हटलं.
शेजारच्या बाकावर सख्खा चुलता, संपतकाका,
त्यानं मान हलवली
सुटल्यासारखी,
आणि शरमल्यासारखीसुद्धा.

वाईट माणूस नाही. पाटणला दोन खोल्या, तीन पोरी,
अंथरुणावरची आई.
दर दिवाळीला फ्रॉक पाठवतो,
दर दिवाळीला तो दोन बोटं आखूड.
गेल्या वर्षीच्या मुलीला शिवलेला.
ही श्वास धरून घालते,
फोनवर ओरडते, "काका, मस्त बसला!"
असं खोटं ती माझ्याशी कधी बोलली नाही.
मला सगळं खरं सांगते,
घरमालकिणीला सांगावं तसं, थोडक्यात.
"मावशी, पाणी घेऊ का?"
"मावशी, तुम्ही जेवलात?"

चाळीतल्या बायका म्हणाल्या होत्या, माय मरो, मावशी जगो.
समजूत काढायलाच म्हणाल्या.
रात्री दिवा मालवल्यावर कॉटवरून आवाज:
"ही म्हण कुणी केली असेल?
मावशीनंच ना?"
मी झोपेचं सोंग घेतलं.
मावशी तर ती झाडूवाल्या कमळाबाईंनाही म्हणते,
कोपरखैरण्याच्या बसमध्ये सरकून जागा देणारीलाही.

मे महिन्यात गावी विहिरीच्या कठड्यावर चढली,
काकूनं एक लगावली.
रडली, आणि तासाभरात
काकूच्याच मांडीवर झोपली म्हणे.
माझा हात उठतो
तेव्हा मध्येच कोर्टाचा कागद फडफडतो.
हात वळवून मी तिची क्लिप नीट करते.
तिला कळतं.
न मिळालेला धपाटाही पोरं लक्षात ठेवतात.

एक वही आहे.
उजवीकडे नावे: दप्तर साडेसहाशे, चष्मा चौदाशे,
सहल नको म्हणाली, शून्य.
कंजूषपणा नव्हे. निलमच्या फंडाचं काय झालं,
असं उद्या कुणी विचारलं तर.
उद्या हिनंच विचारलं तर.
डावी बाजू कोरीच असायची.

मार्चअखेर ताळा जुळवायला बसले,
तर डावं पान भरलेलं. पेन्सिलीनं, शाळेतल्या अक्षरात:
मावशीच्या पाठीला बाम, दोनदा.
कुकरच्या शिट्ट्या मोजल्या, रोज.
दूध उतू गेलं ते पुसलं.
माझ्यामुळेच गेलं होतं, म्हणून अर्धं धरावे.
१९ ऑगस्टला रडले नाही.

१९ ऑगस्ट निलमची तारीख.

किती महिने फेडत होती पोरगी,
मी शेजारच्या खोलीत तांदूळ निवडत असताना?
खोडरबर घेतला. शेवटची ओळ पुसली,
खाली शाईनं लिहिलं:
न रडणे जमेला धरत नाहीत.
वही होती तिथंच ठेवली.
चार दिवस दोघी काही बोललो नाही.

पाचव्या दिवशी ताट सरकवलं तिनं.
"परत तोंडली?
सारखी तोंडलीच का करतेस?
तू माझी कोण लागतेस गं?"

भांडं घरंगळत दारापर्यंत गेलं.
तोच प्रश्न, मॅडमचा, फॉर्मचा.
माझा हात उठला होता, आणि या वेळी
क्लिपकडे वळला नव्हता,
तेवढ्यात ऐकू आलं काय म्हणाली ते.
तू.
चार वर्षांत पहिल्यांदा.

कुठल्या बाजूला लिहावं सुचेना.
गॅस पेटवला, अंडं फोडलं.
"तिखट जास्त," ती म्हणाली, नाक ओढत,
पाठ माझ्याकडेच ठेवून.