चोवीस पॉइंट पाच

ड्रॉइंगवर होतं चोवीस पॉइंट पाच,
मी वाचलं पंचवीस पॉइंट चार.
पितळेचे सहाशे वीस बुश,
आणि काढलेला धातू परत चिकटत नाही.

मढवीबाईंनी एक उचलला,
डोळ्याला लावला,
त्यातून पारसिकचा डोंगर पाहिला.
"भोक मात्र सुंदर पाडलंयस," म्हणाल्या.
मग बराच वेळ काहीच नाही.
चारही लेथ चालू होते, तरी शांतता ऐकू येत होती.

वाटलं, पगार कापतील.
त्या महिन्यात त्यांनी स्वतःचाच उचलला नाही,
हे खूप उशिरा कळलं, अकाउंटवाल्या गद्र्यांकडून,
तेही त्यांच्या तोंडून चुकून निसटलं म्हणून.

"चल महापेला. तू सांगायचंस."
"मी?"
"मग काय माझ्या हातानं चुकलं?"

रबाळ्याहून निघालो, टेंपोत, मधल्या सीटवर.
एकच वाक्य घोकत होतो मी
आणि ते दर सिग्नलला बदलत होतं.
बाईंनी एवढीच दुरुस्ती केली:
"झालं नको म्हणूस. केलं म्हण."

गेटपाशी त्या उतरल्याच नाहीत.
चप्पल काढली, पाय डॅशबोर्डला लावला,
सुजलेला घोटा चोळत म्हणाल्या,
"जा. मी हाय इथं."

वर खरेदीचे नाडकर्णी.
मी बोलत गेलो, ते बघत राहिले.
एकदाही मध्ये तोडलं नाही.
शेवटी फक्त, "नवीन कधी?"
"गुरुवारी." का म्हटलं, देव जाणे.

तीन रात्री मशीनवर गेल्या.
त्यातल्या दोन रात्री बाई समोर स्टुलावर,
जुन्या चलानांच्या पाठीवर हिशेब करत,
मला एकही सल्ला न देता.

अकरा वर्षांनी, निरोपाच्या समारंभात,
पेढा हातातच धरून नाडकर्णी म्हणाले,
"तू जिना चढत होतास ना, तेव्हा खालून फोन आला होता.
माल फुकट गेलाय, पैसे मी भरते, म्हणाल्या.
पोरगा येतोय वर. काय झापायचं ते झापा,
पण त्याचं वाक्य पुरं होऊ द्या."

आज मुजम्मिलनं तीनशे दहा शाफ्टांना
चावीची खाच उलट्या टोकाला पाडली.
मी ओरडलोच आधी. बाईंएवढा नाही मी.
मग पाणी प्यालो, एक शाफ्ट हातात घेतला,
त्यातून कुठलाच डोंगर दिसत नाही.
"सर, चूक झाली," तो म्हणाला.
मी म्हटलं, "झाली नको."

तुर्भ्याच्या गेटबाहेर गाडी लावून बसलोय.
इथं कुणी नाडकर्णी नाहीत,
खरेदीला नवी मुलगी आहे, नावसुद्धा नीट ठाऊक नाही.
नंबर लावला.
"हॅलो, कोण बोलतंय?"

मुजम्मिल एव्हाना जिन्याच्या वळणावर असेल.
"हॅलो?"
माझं वाक्य अजून सुरूच होत नाही.