मोजणी

एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर. पाथरी आगार.
डोकी मोजायचं मला कोण शिकवणार,
असं मनात म्हणतच उतरलो
ढालेगावच्या बंधाऱ्याखाली, पहाटे साडेपाचला.
आम्ही पाच जण. दुर्बीण एक.

तहसीनबाई सेलूची, माझ्या धाकटीच्या वयाची.
म्हणाली, अत्तर नको, तंबाखू नको, बॅटरी नको.
मूठभर धूळ हवेत सोडून दाखवली:
ही जिकडं जाते, तिकडं तुमची खबर जाते.
मग आम्ही उठून
देवबाभळीच्या पलीकडच्या अंगाला बसलो.

पाण्यातून एक डोकं वर आलं. बुडालं.
चार हातांवर पुन्हा एक.
मी म्हणालो, दोन.
कशावरून, काका?
तुमची गाडी थांब्यावर उभी राहायची. पाणमांजर राहत नाही.
एका वेळी जेवढी दिसतील, तेवढीच खरी.
मी दोनाचा एक केला.
एवढ्या वर्षांत पहिल्यांदा माझा हिशेब कुणी कापला.

खडकावर वाळलेली विष्ठा, खवल्यांनी चमचमणारी.
अंगणवाडीच्या दैवशालानं आधी पदर लावला नाकाला,
मग वाकून हुंगली, म्हणाली,
सुकट. आणि मागून थोडा भाताचा वास.
शाब्बास, असंच लिहा.
तिनं लेकरांचं वजन लिहावं तसं नीट लिहिलं.

शेवटच्या रकान्यात, काय करत होतं ते.
"खेळत होतं" लिहायचं नाही, ते तुमचं मत झालं.
लिहा: पाठीवर पडून मासा दोन्ही पंजांत धरला,
तीनदा वर फेकला, झेलला.
मुंजाजी भोई मागून म्हणाला,
मग खेळायलं नाही तर काय करायलं ते?
बाई हसली. त्याचं वाक्य
तिनं स्वतःच्या डायरीत घेतलं, आमच्या वहीत नाही.

मुंजाजीला अक्षर येत नाही.
त्याची जाळी ह्याच दातांनी फाडलेली.
त्याच्या बापानं एक मारलं होतं, वल्ह्यानं.
त्यापुढचं तो सांगत नाही.
त्याच्याकडं जाळ्याची एक दोरी असते:
दिसलं की गाठ. पिल्लू असलं तर बारीक गाठ.

पौषात धुकं धरलं.
अकरा दिवस नदी नुसती कापसासारखी,
पलीकडं वाळूचे ट्रॅक्टर ऐकू यायचे, दिसायचे नाहीत.
अकरा दिवस मी शून्य लिहिलं.
रिकामी गाडी पाथरी ते माजलगाव नेल्यासारखं
काळजाला काहीतरी लागायला लागलं.
बाराव्या दिवशी लिहिलं, दोन. सहा वाजून दहा. उत्तर काठ.
कुणाचं काय बिघडतंय?

रविवारी बाईनं वह्या मांडल्या शाळेच्या ओट्यावर.
माझी वही. शेजारी मुंजाजीची दोरी, सरळ ताणून.
बारावा दिवस आला तिथं बोट थांबलं.
दोरी गुळगुळीत होती.
मुंजाजी त्या पहाटे माझ्या खांद्याला खांदा लावून बसला होता.
तो आता मैदानातल्या शेळीकडं बघत होता.
बाई एवढंच म्हणाली,
त्या दिवशी बंधाऱ्याची दारं उघडली होती, काका.
खालचं पाणी पुरुषभर वाढलं होतं.
आणि पुढच्या वहीकडं वळली.

मी खिशातून पेन काढलं.
चुकलेलं तिकीट रद्द करतात तशी आडवी रेघ,
शून्य, वर सही, तारीख.
लहानपणी गुरुजींनी शिकवलेलं शून्य गोल होतं.
हे जरा वाकडं आलं.

आज पुन्हा बसलोय. धुकं आहेच.
मुंजाजीनं अर्धी भाकर पुढं केली, ठेच्याची,
आणि लगेच मागं घेतली: वास जातो.
मोजणी संपल्यावर खाऊ.
ओल्या चिखलात पाच बोटांचा एक ठसा आहे,
कडा अजून ढासळलेल्या नाहीत.
ठसा लिहिला. जनावर लिहिलं नाही.
सहा चाळीस.
वारा आमच्याकडं येतोय.