जादा पंधरा

हातगाव ते करंजवेल : त्रेचाळीस.
माझ्या टेबलाच्या काचेखाली तक्ता आहे,
कुणीतरी कधीतरी टाइप केलेला,
कोपऱ्यात चहाचा गोल डाग
आणि त्या डागात अर्धा तालुका बुडालेला.

बॅलार्ड इस्टेट, तिसरा मजला, लेखापरीक्षण.
एकोणीस वर्षं प्रवासभत्त्याची बिलं तपासते.
हातगाव पाहिलं नाही, करंजवेलही नाही.
खरं तर तक्त्यातलं एकही गाव पाहिलेलं नाही,
पण कुठून कुठे किती, ते मला
झोपेतून उठवून विचारा.

निवृत्ती गडदे, पशुधन पर्यवेक्षक,
यांनी अठ्ठावन्न लावले.
मी लाल शाईनं लिहिलं :
जादा पंधरा कि.मी. कसे? खुलासा करावा.

खुलासा आला, पाठकोऱ्या कागदावर.
महोदया,
तक्ता केला तेव्हा पूल होता.
आता दोन खांब आहेत, त्यांवर बगळे बसतात.
म्हणून वांगदरीवरून वळसा.
पैकी चार किलोमीटर वळशाचे नाहीत, हे कबूल करतो.
फाट्यावर एका बाईनं हात केला.
तिची म्हैस अडली होती, रेडकू उलटं येत होतं.
गाडी वस्तीपर्यंत नेली.
रेडी झाली.
तरी चार वजा करावेत, ही विनंती.

'रेडी झाली'खाली त्यानं रेघ मारली आहे,
पट्टी लावून.

साहेब म्हणाले, मिस डाबरे,
नियमात 'सर्वांत जवळचा मार्ग' असं आहे.
सर्वांत जवळचा मार्ग कावळ्याचा.
कावळा बिल लावत नाही.

इथे मुंबईत किलोमीटर विचारतं कोण?
माझगाव किती लांब? वीस मिनिटं.
सिग्नल नडला तर पस्तीस.
पप्पा वसईचे, त्यांचं माप आणखी तिसरंच :
निर्मळच्या जत्रेपासून घर म्हणजे एक ऊस.
सोलत, चघळत, चोयट्या थुंकत चालायचं,
शेवटचं पेर उंबऱ्यावर संपलं पाहिजे.
मी कायम आधीच संपवायची
आणि मग रस्ता लांबायचा.

आज सहानंतर, सगळे गेल्यावर,
काच उचलली. जड होती, करंगळी चेमटली.
त्रेचाळीसवर आडवी रेघ,
शेजारी पेन्सिलीनं : चोपन्न, पूल पडला आहे.
बिलावरही चोपन्न. मंजूर. सही.
उरले चार.
ते कुठल्याच रकान्यात बसेनात.
बोट तोंडात धरून बराच वेळ बघत राहिले.

बॅलार्ड इस्टेट ते माझगाव तक्त्यात नाही.
चालत निघाले.
वाटेत एका रसवंतीवाल्याकडे
अख्खा ऊस मागितला, न पिळलेला.
तो म्हणाला, चावणार? आता?
रस घ्या की बाई,
दोन मिनिटांत होतो.